दम थांबवणारी पांढरी गोळी

आमच्या बचत गटाच्या बैठकीला आत्या नेहमी सगळ्यांत शेवटी यायच्या. घर दोनच गल्ल्या पलीकडे, पण वाटेत दोन ठिकाणी कट्ट्यावर टेकून, दम खाऊन मगच पोहोचायच्या. २०२२ च्या पावसाळ्यात मात्र बघते तर सगळ्यांच्या आधी हजर! चेहरा भरलेला, गाल वर आलेले, बोलण्यात जोर. ‘‘आत्या, तब्येत सुधारली हो!’’ आम्ही सगळ्या जणी एका सुरात म्हणालो. त्यांनी कमरेची चंची सोडली आणि पान-तंबाखूशेजारी जपून ठेवलेली एक पट्टी काढून दाखवली. बारीक, पांढऱ्या गोळ्या. ‘‘ही एक सकाळी घेतली की दिवसभर पाखरावानी हलकं वाटतंय बघ पोरी. लई गुणाची गोळी. अन् सस्ती बी हाय.’’

त्या पट्टीवरचं नाव मी तेव्हा वाचलं होतं. प्रेडनिसोलोन, १० मिलिग्रॅम. वाचलं आणि पट्टी परत दिली. एवढंच नाही, एकदा कामाला पंढरपूरला निघाले होते तेव्हा त्यांची रिकामी पट्टी दुकानात दाखवून दोन नव्या पट्ट्या मीच आणून दिल्या होत्या. दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही आणि मी बी.ए. झालेली बाई, गावात आरोग्याची शिबिरं भरवणारी, मलाही ती चिठ्ठी लागते हे सुचलं नाही. हा लेख लिहायला बसले त्याचं खरं कारण त्या दोन पट्ट्या आहेत.

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या आणि आत्यांचा खोकला वाढला. खोकला त्यांना वीस वर्षांचा जुना, त्यामुळे घरात कुणी मनावर घेतलं नाही. ताप नव्हता. ‘‘ताप न्हाई, मग कशाला घाबरायचं?’’ असं सून म्हणाली आणि मलाही ते पटलं. चेहरा अजून गोलच होता, पण बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. शेवटी एक दिवस थुंकीत रक्ताची रेघ दिसली तेव्हा धावपळ झाली. थुंकीची तपासणी, छातीचा फोटो. निदान आलं क्षयरोगाचं. ‘‘ही गोळी किती दिवस चालू आहे?’’ डॉक्टरांनी पहिला प्रश्न हा विचारला. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मग हिशेब केला. लॉकडाऊनमध्ये एकदा खूप दम लागला तेव्हा कुणा डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी दिली होती. ते पाच दिवस संपलेच नव्हते! आधी अधूनमधून, मग वर्षभर रोज एक, आणि दम जास्त असेल त्या दिवशी दोन.

मैत्रिणींनो, ही गोळी विष नाही, हे आधीच सांगते. स्टिरॉइड म्हटलं की काहींना पैलवान आठवतात, काहींना वाटतं आता किडनी गेली. दोन्ही खरं नाही. पैलवानांची ती वेगळी. ही स्टिरॉइड म्हणजे आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रोज तयार करतात त्याच रसायनाची भावंडं. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हेंच आणि त्यांच्याबरोबर या रसायनांवर काम करणाऱ्या केंडल आणि राइशस्टाइन या दोघांना नोबेल मिळालं. दमा, संधिवात, त्वचेचे आणि किडनीचे कित्येक आजार या औषधाने आटोक्यात येतात. घुसमटलेला माणूस दवाखान्यात आला तर हेच औषध त्याचा जीव वाचवतं. प्रश्न आहे तो किती दिवस, किती मात्रेत आणि कुणाच्या नजरेखाली, एवढाच.

दम का थांबतो ते समजून घेतलं की धोका कुठे आहे तेही कळतं. श्वासनळ्यांना सूज येते ती आपल्याच शरीराच्या फौजेमुळे. पांढऱ्या पेशी तिथे जमतात, लढतात, त्या लढाईत नळ्या सुजतात. स्टिरॉइड त्या फौजेला गप्प बसवतं. सूज उतरते, वाट मोकळी होते, माणूस पाखरासारखा हलका होतो. पण गोळी पोटातून रक्तात जाते, ती काही फक्त छातीपुरती थांबत नाही. साऱ्या अंगातली राखण ढिली पडते. शिवाय ताप, दुखणं, सूज या ज्या खुणांवरून आपण ‘काहीतरी बिघडलंय’ असं ओळखतो, त्याही ही गोळी झाकून टाकते. आत्यांना ताप आला नाही, आणि त्याच्यामागे गोळीचा हात असणार असं डॉक्टर म्हणाले. घरात चोर शिरला होता आणि कुत्रं भुंकत नव्हतं.

आणि चोर तरी बाहेरून आला होता का? बहुधा नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाची मोठी पाहणी झाली. त्यात पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाच्या जंतूंचा शिरकाव झालेला आढळला. याचा अर्थ एवढ्या लोकांना क्षय झालाय असा नाही. जंतू झोपलेला असतो आणि आपली फौज त्याच्यावर पहारा देत असते. बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. मधुमेह, कुपोषण, एचआयव्ही यांनी हा पहारा ढिला होतो हे आता गावोगावी माहीत झालंय. त्याच यादीत ही गोळीही आहे. दिवसाला १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन महिनाभर घेतलं तर क्षय उठण्याचा धोका बराच वाढतो, असं डॉक्टर मंडळी मानतात. आत्यांच्या एक-दोन गोळ्यांचा हिशेब तुम्हीच करा.

क्षय हे एक झालं. नागीण उठते ती याच कारणाने. कांजिण्या आधी न झालेल्या माणसाला स्टिरॉइड चालू असताना त्या झाल्या तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे घरात नातवंडाला कांजिण्या आल्या तर आजीच्या डॉक्टरांना लगेच कळवायला हवं. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, तोंडातली बुरशी आहेतच. एक प्रकार तर मला नवाच होता. अनवाणी शेतात वावरणाऱ्यांच्या पायाच्या कातडीतून स्ट्राँगिलॉइड्स नावाची बारीक जंतं शरीरात शिरतात आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहतात. स्टिरॉइड मिळालं की त्यांची संख्या बेसुमार वाढते, ती फुप्फुसापर्यंत पोहोचतात आणि माणूस दगावतो. आपल्या किती बायका चप्पल बांधावर काढून वाफ्यात उतरतात!

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर २०२१ चा मे महिना आठवा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द होता, काळी बुरशी. म्युकरमायकोसिस. एखाद्याचा डोळा काढला, एखाद्याचं टाळू, अशा बातम्या रोज येत होत्या. त्या जुलैमध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की देशात ४५ हजारांहून जास्त रुग्ण सापडले आणि ४,३०० हून जास्त दगावले. सर्वांत जास्त रुग्ण आपल्या महाराष्ट्रात. अँफोटेरिसिन बी या इंजेक्शनसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. राज्य सरकारने हा उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतला म्हणून पुष्कळ घरं वाचली, हेही खरं.

ही बुरशी काही परदेशातून आली नव्हती. ती मातीत, कुजलेल्या पाल्यात, शिळ्या भाकरीवर कायम असते, आपण रोज तिच्यात श्वास घेतो. मग तेव्हाच का उठली? वाढलेली साखर आणि स्टिरॉइड, ही जोडी प्रामुख्याने पुढे आली. आधी मधुमेह, त्यात करोना, त्यावर साखर आणखी चढवणारं आणि फौजेला झोपवणारं औषध. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी या चाचणीने दाखवलं होतं की डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं तर ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र काहीही फायदा दिसला नव्हता. आपल्याकडे पहिलं वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरलं, दुसरं फिरलंच नाही. सर्दी-तापाला घरी बसून लोकांनी गोळ्या खाल्ल्या, चिठ्ठी एकाची आणि औषध चार घरांत. तेव्हा एम्सचे संचालक असलेले डॉ. रणदीप गुलेरिया यांनी स्टिरॉइडच्या अशा वापराविरुद्ध जाहीर इशारे दिले होते.

लाट ओसरली, काळी बुरशी बातम्यांतून गेली आणि त्याबरोबर धडाही गेला. करोनात जे काही आठवड्यांत झालं तेच आमच्या गावांतून दम्याच्या नावाखाली वर्षानुवर्षं हळूहळू चाललेलं आहे, फक्त त्याची बातमी होत नाही. ती आजी ‘दम्यानं गेली’ म्हणतात.

मुळात आत्यांचा तो दमा तरी होता का? फुंकून करायची स्पायरोमेट्री नावाची एक तपासणी असते, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते त्यात मोजतात. वीस वर्षांत ती एकदाही झाली नव्हती. क्षयाच्या उपचारानंतर केली तेव्हा कळलं, हा सीओपीडी. दम्यात श्वासनळ्या आकसतात आणि पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे झिजतात. तो विडी-सिगारेटवाल्यांचा आजार अशी समजूत आहे. पण आमच्या आत्यांनी तंबाखू चघळली असेल, विडी कधी ओढली नाही. त्यांनी ओढला तो चुलीचा धूर. तुरकाट्या, चिपाडं, गोवऱ्या, पावसाळ्यात ओलं सरपण. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून, बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये हेच मांडलं होतं. जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड-शेणाच्या धुरात राहणारे सुमारे तीनशे कोटी, म्हणून धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे बघा, असं त्यांचं म्हणणं. भारतात २०१६ साली या आजाराचे साडेपाच कोटी रुग्ण असावेत असा अंदाज निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्या भागात घरोघरी सिलिंडर आले. आले ते खरंच. पण चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर, रोजच्या भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर, असा हिशेब पुष्कळ घरांत आहे. भरलेला सिलिंडर कोपऱ्यात झाकून ठेवलेला मी पाहिलाय, त्याच्यावर टोपली.

आजाराचं नाव कळणं का महत्त्वाचं, तर दोन्हींचे उपचार वेगळे. दम्यात ओढायचं स्टिरॉइड, म्हणजे पंपातलं, हाच उपचाराचा पाया असतो आणि ते बंद करणं धोक्याचं. सीओपीडीत मुख्य काम श्वासनळ्या सैल करणाऱ्या पंपाचं. स्टिरॉइडचा पंप सगळ्यांना लागत नाही. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी मोजून, वारंवार दम उसळतो का ते बघून डॉक्टर ठरवतात. आणि गोळ्या? दम अचानक वाढला तर साधारण पाच दिवस. रोजची, वर्षानुवर्षांची गोळी सीओपीडीत सहसा देऊच नये, असंच आजचं वैद्यकशास्त्र सांगतं.

गंमत अशी की आमच्या बायका पंपाला घाबरतात आणि गोळीला नाही. ‘‘पंपाची सवय लागती. पंप म्हंजी शेवटचा इलाज.’’ मी स्वतः हे बोलले असेन. आता वजन बघा. १० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका दाबात स्टिरॉइड असतं साधारण १०० ते २५० मायक्रोग्रॅम, आणि ते थेट जिथे पाहिजे तिथे, छातीत ओढलं जातं. दोन्ही औषधांचा जोर सारखा नसल्याने ही तुलना काटेकोर नाही, पण अंदाज येतो.

पंपही अगदी निर्धोक आहे असं मी म्हणणार नाही. २००७ मध्ये सहा हजारांवर सीओपीडी रुग्णांची टॉर्च नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत नुसता औषधाविना पंप घेणाऱ्यांपैकी १२.३ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, स्टिरॉइड असलेला जोडपंप घेणाऱ्यांत १९.६ टक्के. मात्र दम उसळण्याचे प्रसंग जोडपंपाने कमी झाले होते. म्हणजे तराजू आहे, आणि तो डॉक्टरांनी धरायचा. आपल्या हातात आहे ते पंप ओढल्यावर दर वेळी खळखळून चूळ भरून थुंकणं, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी धरत नाही. आणि पंपाला स्पेसर, म्हणजे ती प्लास्टिकची नळी लावणं. आत्यांनी ती नळी आधी नातवाला खेळायला दिली होती!

पुड्यांबद्दलही लिहायला हवं. मृग नक्षत्राला हैदराबादला माशाचं औषध घ्यायला जाणारे आमच्या सोलापूर जिल्ह्यात पुष्कळ, ती श्रद्धेची गोष्ट, मी वाद घालत नाही. पण बाजारात, जत्रेत ‘दम्यावर रामबाण’ म्हणून बिननावाच्या पुड्या मिळतात. अशा पुड्यांत स्टिरॉइड कुटून घातल्याचं वेळोवेळी तपासण्यांत उघड झालेलं आहे. दोन दिवसांत चमत्कार झाला, भूक वाढली, चेहरा भरला, तर खुश होण्याआधी शंका घ्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आत्यांच्या मुलाला जेव्हा कळलं की गोळीने घात केला, तेव्हा त्याने रागाने सगळ्या पट्ट्या उकिरड्यावर फेकल्या. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करायचा कागद लिहून दिला होता, तो कुणी वाचलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी आत्या उठेनात. उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली गेलेला. कारण एवढे दिवस बाहेरून रसायन मिळत राहिल्याने शरीरातल्या त्या ग्रंथी स्वतःचं काम विसरलेल्या असतात. त्यात क्षयाच्या रिफाम्पिसिन या औषधाने स्टिरॉइडचा जोर आणखी कमी होतो. रात्री जीपमध्ये घालून नेलं म्हणून वाचल्या. तेव्हा हा लेख वाचून कुणीही घरातल्या आजीची गोळी आज बंद करू नये, हात जोडून सांगते. तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालू असेल तर ती पायरी-पायरीनेच उतरवावी लागते, आणि पायऱ्या डॉक्टर ठरवतात. तुम्ही फक्त पट्टी घेऊन त्यांच्याकडे जा. पट्टीवर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, डेफ्लाझाकॉर्ट यांपैकी नाव दिसलं तर विचारा: किती दिवस घ्यायची? साखर तपासायची का? क्षयाची तपासणी झाली का? फ्लूची दरवर्षीची आणि न्यूमोनियाची लस घ्यावी का? न्यूमोनियाची ही लस बाळांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, म्हाताऱ्यांना मात्र विकत घ्यावी लागते आणि ती स्वस्त नाही. ज्या आजीच्या फुप्फुसात वीस वर्षांचा धूर आहे तिच्यासाठी ती मोफत का नसावी, हा प्रश्न आपण महिला मंडळांनी विचारायला हरकत नाही.

आणि कायद्याचं काय? ही औषधं शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण रिकामी पट्टी हीच आपल्याकडे चिठ्ठी झालेली आहे. दुकानदाराला दोष द्यायला मला तोंड नाही, पट्टी मीच पुढे केली होती. देशाने २०२५ पर्यंत क्षयमुक्तीचं लक्ष्य ठेवलं, ७ डिसेंबर २०२४ ला शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. त्या निमित्ताने आशाताईंबरोबर मीही गल्लोगल्ली फिरले. खोकला आहे का, वजन घटलं का, साखर आहे का, घरात आधी कुणाला क्षय होता का, सगळं विचारलं. ‘दम्याची किंवा सांधेदुखीची गोळी रोज घेता का, दाखवा बरं’ हे पहिल्या दिवशी आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही! दुसऱ्या दिवसापासून मी विचारायला लागले. चंची, देव्हाऱ्यामागचा डबा, उशीखालची पिशवी, कुठून कुठून पट्ट्या निघाल्या. सगळ्याच स्टिरॉइडच्या होत्या असं नाही. पण ज्या होत्या, त्या घेणाऱ्या एकीलाही आपण काय घेतो ते माहीत नव्हतं.

आत्यांचा क्षय सहा महिन्यांच्या औषधाने बरा झाला. औषध सरकारी, मोफत. पोषण आहाराचे महिन्याला पाचशे रुपये तेव्हा खात्यावर यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झालेत. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. चार वर्षांच्या नातवाला क्षय नव्हता, पण आजीच्या कुशीत झोपणारा तो, म्हणून त्याला प्रतिबंधक औषध दिलं. ते गिळताना तो जेवढा रडला तेवढं आत्या स्वतःच्या आजारात रडल्या नव्हत्या.

आता त्या पंप घेतात. गोळीसारखं पाखरू होता येत नाही, बैठकीला पुन्हा शेवटीच पोहोचतात, मधे दोनदा कट्ट्यावर बसून. आषाढीला निवृत्तीनाथांची पालखी आमच्या गावावरून जाते तेव्हा गर्दीत जाताना नाकाला पदर लावतात आणि वारकऱ्यांना भाकरी घालायला तरीही जातात, तिथे कुणाचं ऐकत नाहीत. त्या भाकऱ्या गॅसवर करा असं मी गेल्या खेपेला म्हटलं. ‘‘गॅसवरची भाकरी पापुद्रा धरत न्हाई,’’ म्हणाल्या. मग सुनेने चूल उचलून परसदारी, पत्र्याच्या उघड्या शेडखाली मांडली. आत्या दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच पाट घेऊन तिथे जाऊन बसल्या, धुराच्या वाऱ्याकडे पाठ करून.